देवाचं नाव फक्त तोंडी लावायला? मग ही कलमं कुठून आली?

सरळरेघ

परवा इराणच्या धाग्यात 'तेलकट वास्तव' यांनी एका ओळीत निकाल लावून टाकला: "अमेरिकी अध्यक्षाने देवाचं नाव घेणं म्हणजे आपल्या पुढाऱ्याने सभेआधी नारळ फोडणं. धोरण तेल आणि शस्त्रं ठरवतात, देव तोंडी लावायला." खाली टाळ्यांचा पाऊस. तिथे उत्तर दिलं असतं तर ते तेलाच्या भावात वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

अध्यक्ष मनातून भाविक आहे की ढोंगी, हा प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. बघायचं ते इतकंच, की भाषणातलं वाक्य पुढे कुठल्या कागदावर उतरलं. कायद्याचं कलम झालं, अनुदानाची अट झाली, की हवेत विरलं?

जेरुसलेमचं बघा. अमेरिकी काँग्रेसने १९९५ साली कायदा केला: ३१ मे १९९९ पर्यंत वकिलात तेल अवीवहून जेरुसलेमला हलवा, नाहीतर परराष्ट्र खात्याचा परदेशातल्या इमारतींचा निम्मा निधी अडकेल. सोबत एक पळवाट होती. अध्यक्षाने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन सही केली की सहा महिने सूट. क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा, सगळे दर सहा महिन्यांनी सही करत राहिले. जून २०१७ मध्ये ट्रम्प यांनीही केली. तोवर तुमच्यासारखे जाणकार म्हणत होते की कायदा शोभेचा आहे. ६ डिसेंबर २०१७ ला घोषणा झाली आणि १४ मे २०१८ ला वकिलातीचं उद्घाटन. प्रार्थनेला टेक्सासचे दोन पाद्री होते, सुरुवातीला रॉबर्ट जेफ्रेस, शेवटी जॉन हेगी. इतकी वर्षं पळवाट चालली ती सही करणाऱ्या माणसाच्या भरवशावर. कलम जिथल्या तिथे बसून होतं.

दुसरं उदाहरण एड्सचं. २८ जानेवारी २००३ च्या भाषणात बुश यांनी आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या एड्ससाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर जाहीर केले. त्याच भाषणात अमेरिकी जनतेच्या श्रद्धेत 'वंडर-वर्किंग पॉवर' आहे असं एक वाक्य होतं. तुम्हा-आम्हाला ती नुसती शब्दांची आरास वाटेल, पण चर्चमध्ये वाढलेल्याला भजनाची ओळ लगेच ओळखू येते. मग कायदा आला तेव्हा त्यातला एक तृतीयांश पैसा 'लग्नापर्यंत संयम' शिकवण्यासाठी राखून ठेवलेला निघाला. हे तेल आहे की शस्त्रं?

तेलकट वास्तव

माझ्या नावाने धागा, धन्य झालो.

कलमं मोजायची तर सगळी मोजा. १९९८ च्या धार्मिक स्वातंत्र्याच्या कायद्याने परराष्ट्र खातं दरवर्षी 'विशेष चिंतेच्या' देशांची यादी काढतं. सौदी अरेबिया २००४ पासून त्या यादीत आहे. शिक्षा काय झाली? सूट. कारण काय तर अमेरिकेचं राष्ट्रीय हित. त्या हिताचा वास कसला येतो ते मी सांगायला नको. २००५ साली नरेंद्र मोदींना व्हिसा नाकारला तोही याच कायद्याने घातलेल्या कलमावर, आणि २०१४ मध्ये पंतप्रधान होताच सप्टेंबरात वॉशिंग्टनमध्ये स्वागत. कलम तेच होतं, देवही तोच, बाजारभाव बदलला. २०२० पासून त्यांचा धार्मिक स्वातंत्र्य आयोग भारताला त्या यादीत घाला म्हणून दरवर्षी शिफारस करतोय आणि परराष्ट्र खातं ती बाजूला ठेवतंय.

आणि रेगन? मार्च १९८३ मध्ये ऑर्लँडोला इव्हँजेलिकल (बायबल शब्दशः मानणारा प्रोटेस्टंट पंथ) पाद्र्यांच्या अधिवेशनात सोव्हिएत संघाला 'दुष्ट साम्राज्य' म्हणाले. डिसेंबर १९८७ मध्ये त्याच साम्राज्याशी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार. मे १९८८ मध्ये मॉस्कोत उभे राहून म्हणाले, ती गोष्ट वेगळ्या काळातली होती.

याहून मजा इराणची. १९७९ पासून तेहरानसाठी अमेरिका 'मोठा सैतान'. १९८६ साली त्याच सैतानाचे दूत चावीच्या आकाराचा केक घेऊन तेहरानला गेले आणि खाली रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांचा सौदा चालू होता. त्याच वर्षी रेगन यांनी एका बायबलवर गलतीकरांस पत्रातलं वचन स्वतःच्या हाताने लिहून, सही करून इराणी मंडळींना पाठवलं. 'सर्व राष्ट्रे आशीर्वादित होतील' अशा अर्थाचं. जानेवारी १९८७ मध्ये इराणी संसदेचे सभापती रफसंजानींनी ते पत्रकारांना दाखवलं. वर वचन, खाली क्षेपणास्त्रं. नारळ म्हणालो ते उगाच नाही.

हिशेबनीस

धागाकर्त्याचा एक आकडा चुकलाय. २००३ च्या कायद्यात वाटणी अशी होती: ५५ टक्के औषधोपचार, १५ टक्के वेदनाशामक देखभाल, २० टक्के प्रतिबंध, १० टक्के अनाथ मुलं. संयमाची अट त्या २० टक्क्यांच्या एक तृतीयांशावर. म्हणजे एकूण पैशाच्या ६.६ टक्के. 'एक तृतीयांश पैसा' लिहिलंत तेव्हा पाचपट फुगवलंत.

सरळरेघ

मान्य, 'प्रतिबंधाच्या पैशातला' हे शब्द राहिले. पण आकडा लहान झाला म्हणून पेच लहान होत नाही. आईकडून बाळाला होणारी लागण रोखायचा खर्चही त्याच प्रतिबंधाच्या २० टक्क्यांत मोजला जायचा. संयमाचा वाटा भरून काढायचा तर कात्री तिथेच लागायची. २००६ साली अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनीच हे अहवालात लिहिलं. भाषणातला देव ६.६ टक्के झाला आणि बाळंतिणीच्या गोळ्यांच्या ओळीत जाऊन बसला.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर सांगली. त्याच कायद्यात आणखी एक अट होती: पैसे घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लेखी धोरण करावं. सांगलीची 'संग्राम' ही संस्था त्याच बायकांना घेऊन एड्सचं काम करत होती. निरोध वाटणारी, शेजारणीला तपासणीला नेणारी बाईच त्या धंद्यातली, आणि तिच्याच विरोधात कागद करायचा? २००५ मध्ये संस्थेने सही नाकारून अमेरिकी पैसा सोडला.

तेलकट वास्तव

सांगलीत तेल नाही, तिथे ढोंग परवडतं.

सरळरेघ

नकळत बरोबर बोललात. जिथे अमेरिकेचं हित बारीक, तिथेच देवाच्या अटी जाड होतात. मेक्सिको सिटी धोरण घ्या. गर्भपाताचं नाव काढणाऱ्या परदेशी संस्थांना पैसा बंद. १९८४ साली रेगन यांनी आणलं, १९९३ मध्ये क्लिंटन यांनी काढलं, २००१ मध्ये आलं, २००९ मध्ये गेलं, २०१७ मध्ये आलं, २०२१ मध्ये गेलं, २०२५ मध्ये परत आलं. अध्यक्ष बदलला की पहिल्या काही दिवसांतच सही. सौदीला सूट मिळते, केनियातल्या दवाखान्याला कोण देणार?

हिशेबनीस

तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही काहीतरी ठेवा. ते १५ अब्ज काँग्रेसमधून सुटले यात इव्हँजेलिकल मंडळींच्या रेट्याचा मोठा वाटा होता. कार्यक्रमाने अडीच कोटी जीव वाचले असा अमेरिकी परराष्ट्र खात्याचा दावा आहे. दावा त्यांचाच, निम्मा धरा. तरी तेवढी माणसं निधर्मी भाषणाने वाचवलेला दुसरा अध्यक्ष दाखवा.

नवगाव

हेगी आणि जेफ्रेस यांचं नाव निघालंच आहे तर बोलतो. या इव्हँजेलिकल पंथाचं इस्रायलप्रेम १९०९ च्या स्कोफील्ड बायबलने (टीपांसह छापलेली आवृत्ती) घरोघरी नेलेल्या युगान्ताच्या गणितावर उभं आहे. ज्यू परत येणार, महायुद्ध होणार, मग उरतील ते येशूला मानणार. म्हणजे नाटकात ज्यूंना काम आहे, पण शेवटच्या अंकात ते ज्यू म्हणून उरत नाहीत. जेफ्रेस यांनी तर ज्यू राहून तारण नाही असं उघड सांगितलेलं. तरी जेरुसलेममध्ये पहिली प्रार्थना त्यांची!

आणि आमचे बेने इस्रायली, कोकणातले मराठी ज्यू? अलिबागजवळ किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवत शनिवार पाळला, गावाने 'शनिवार तेली' म्हटलं. इस्रायलला गेल्यावर १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बी संस्थेने फर्मान काढलं की यांची लग्नं लावण्याआधी आईकडची पिढी तपासा. १९६४ मध्ये निदर्शनं झाली, नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला, तेव्हा कुठे हे 'सर्वार्थाने ज्यू' ठरले.

चिमटा

धाग्याचा विषय अमेरिकेचे अध्यक्ष आहे हो.

नवगाव

विषय हाच आहे. राज्याने देवाची भाषा घेतली की दाराशी तपासनीस बसतो. त्यातून पाहुणे सुटतात, अडकतात ते घरचेच.

तेलकट वास्तव

मूळ मुद्दा राहिला. दहशतवादाविरुद्धच्या लढाईला बुश 'क्रूसेड', म्हणजे 'धर्मयुद्ध' म्हणाले ते आठवतंय? १६ सप्टेंबर २००१, व्हाइट हाउसच्या हिरवळीवर. दुसऱ्या दिवशी स्वतः वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले, तिसऱ्या दिवशी प्रवक्त्याने दिलगिरी व्यक्त केली. कुठलं कलम झालं त्याचं? विरलं हवेत.

पोथीवाचक

क्रूसेडला, म्हणजे मध्ययुगात ख्रिस्ती सैन्यांनी धर्माच्या नावाने काढलेल्या मोहिमांना, धर्मयुद्ध म्हणू नका, ही माझी जुनी तक्रार आहे. धर्मयुद्ध म्हणजे नियम पाळून केलेलं युद्ध. सूर्यास्तानंतर शस्त्र नाही, शस्त्र टाकलेल्यावर वार नाही, गदायुद्धात कंबरेखाली मारायचं नाही. गीतेत 'धर्म्य' युद्ध आहे, आणि कुरुक्षेत्रावर दोन्ही बाजूंचे देव एकच होते. राजधर्म, शेजारधर्म, धर्मशाळा, यात कुठला पंथ आला? आपण 'रिलिजन'ला धर्म म्हणून बसलो, पुढचं सगळं त्यातून.

चिमटा

त्याच नियमवाल्या युद्धात भीमाने मांडी फोडली आणि अश्वत्थाम्याने झोपेत कापाकापी केली. चालू द्या.

पोथीवाचक

फोडली, आणि बलराम नांगर उगारून धावून आला, कारण नियम मोडला होता. नियमच नसता तर कशाला धावला असता? बाराशे सालच्या आसपासच्या क्रूसेडांत 'नियम मोडला' म्हणून आपल्याच बाजूवर कोण धावून गेलं?

वसईचा वारा

पोप धावून गेले होते. चौथ्या क्रूसेडवाल्यांनी १२०२ मध्ये झारा हे ख्रिस्ती शहर लुटलं तेव्हा तिसऱ्या इनोसंट यांनी त्यांना बहिष्कृत केलं होतं. नंतर माफ केलं, आणि १२०४ मध्ये त्यांनी ख्रिस्तीच असलेलं कॉन्स्टँटिनोपल लुटलं, तो भाग वेगळा. आधी वाचा, मग आव्हान द्या.

पोथीवाचक

बरं. झारापुरतं मागे घेतो. कॉन्स्टँटिनोपलचं नाही.

सरळरेघ

हे अवांतर नाहीये, गाभ्याचं आहे. इंग्रजीत 'क्रूसेड' घासून गुळगुळीत झालाय. ६ जून १९४४ च्या आदेशपत्रात आयझेनहॉवर सैनिकांना 'ग्रेट क्रूसेड'वर निघाला आहात म्हणाले, आणि समोरचा जर्मन ख्रिस्तीच होता. पण अरबीत तो शब्द 'सलीब'वरून येतो, सलीब म्हणजे क्रूस. तिथे तो गुळगुळीत झालेलाच नाही. बिन लादेनच्या फेब्रुवारी १९९८ च्या जाहीरनाम्यात शत्रूचं नावच 'ज्यू आणि क्रूसेडर' होतं. म्हणजे शब्द आधीच त्याच्या दुकानात मांडलेला होता, बुश यांनी जाऊन गिऱ्हाइकी केली. मराठीत तर आणखी घोळ, जिहादचं भाषांतरही आपण धर्मयुद्धच करतो. दोघे एकच बोलताहेत असं वाटावं!

आणि 'विरलं' म्हणता, तर अफगाणिस्तानच्या मोहिमेचं नाव बघा. आधी 'इन्फिनिट जस्टिस'. अनंत न्याय फक्त ईश्वर देतो, अशी मुस्लिमांची हरकत आली आणि २५ सप्टेंबरला ते 'एंड्युअरिंग फ्रीडम' झालं. फुकटचे शब्द असते तर पेंटॅगॉनने नाव बदललं नसतं.

नंतर जानेवारी २००२ च्या भाषणात बुश यांनी इराण, इराक आणि उत्तर कोरियाला लावलेलं 'ॲक्सिस ऑफ इव्हिल', म्हणजे दुष्टांची आघाडी. मसुद्यात 'हेट्रेड' (द्वेष) होतं. गर्सन या इव्हँजेलिकल भाषणलेखकाने तिथे 'ईव्हिल' घातलं. द्वेष करणाऱ्याशी बोलणी होतात, सैतानाशी करत नाहीत. दोनेक महिने आधी जर्मनीत बॉनमध्ये अफगाण सरकार जुळवताना इराणचे मुत्सद्दी झरीफ अमेरिकेच्या डॉबिन्स यांना मदत करत होते. त्या भाषणाने तिथला सूर गेला.

तेलकट वास्तव

सूर ३ जानेवारीलाच गेला होता. इस्रायलने तांबड्या समुद्रात 'करीन ए' जहाज पकडलं, इराणी शस्त्रं, ५० टन. भाषणाच्या २६ दिवस आधी. शब्द नंतर आला, शस्त्रं आधी. माझं म्हणणं हेच.

सरळरेघ

जहाज पकडलं हे खरं, आणि मी ते सांगायला हवं होतं. पण जहाजावर निषेध करता येतो, निर्बंध घालता येतात, बोलणी थांबवून पुन्हा चालू करता येतात. 'ईव्हिल' शिक्का मारलात की पुढच्या अधिकाऱ्याला बोलणी का करतोय ते आधी घरच्यांना समजवावं लागतं.

तेलकट वास्तव

ठीक. नारळ नाही, नारळाची शेंडी म्हणा. तेवढी धरायला उपयोगी पडते. एड्सवाली अट तेलाने समजावता येत नाही हेही घ्या, पण फक्त तीच. जेरुसलेम मी मतांच्या खात्यात टाकतो.

पोथीवाचक

सगळं झालं, पण क्रूसेडला मराठी शब्द कोणी दिला नाही.

वसईचा वारा

आमच्याकडे क्रूस म्हणतात, मराठी बायबलात वधस्तंभ. 'क्रूसयुद्ध' म्हणा, सरळ आहे.

पोथीवाचक

ऐकायला 'क्रूर युद्ध' वाटतं.

वसईचा वारा

१२०४ चं कॉन्स्टँटिनोपल मागे घेत नव्हतात ना? मग चालेल की.