ट्रान्स विद्यार्थ्यांची सुरक्षितता: कॉलेजच्या समितीनं नेमकं काय करायचं?

प्रश्न (अजिंक्यतारा):
साताऱ्यातल्या एका सीनियर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीसाठी विचारतोय. यंदाच्या प्रवेशांत ट्रान्स आणि नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारे) विद्यार्थी आहेत. फलकावर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा लावलाय, तेवढ्यावर भागतं का? मुळात लैंगिक हल्ला होऊच नये म्हणून काय करता येईल? एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) शिबिरही तोंडावर आलंय.

कृष्णाकाठ:
नाही भागत. 2013 च्या कायद्यात तक्रारदार म्हणजे महिलाच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015 च्या विनियमांत मात्र तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा थेट उल्लेख आहे, फलकावर तो हवा. तक्रार करायला घटनेपासून 3 महिने, चौकशी पूर्ण करायला 90 दिवस. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीवर 3 विद्यार्थीही लागतात. विभागप्रमुखांना सदस्य करता येत नाही, आणि नेमकं तेच सर्रास केलेलं असतं.

छेडछाड 'गंमत' म्हणून सुरू होते तेव्हाच रॅगिंगचे नियम वापरा. 2016 च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सजेंडर असण्यावरून किंवा लैंगिक कलावरून दिलेला त्रासही रॅगिंगच धरतात. हेल्पलाइन 1800-180-5522.

माणदेशी:
आधी हजेरी बघा. पटावरचं जुनं नाव वर्गात मोठ्यानं पुकारलं की पहिल्याच तासाला सगळ्यांना कळतं, आणि 'घरी सांगू का?' हे हत्यार कुणाच्याही हाती लागतं. हजेरी रोल नंबरनं घ्या, फुकटातला उपाय आहे.

शिबिर 7 दिवसांचं, झोपायला गावातल्या शाळेचा हॉल. कुठं झोपणं सोयीचं आहे ते निघण्याआधी प्रत्येकाला एकेकट्यानं विचारा. फक्त ट्रान्स विद्यार्थ्याला बाजूला बोलावलंत, तर गाडी सुटायच्या आत चर्चा सुरू. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा हवा.

अजिंक्यतारा:
वेगळं टॉयलेट आहे. तळमजल्यावर, चावी शिपायाकडं असते.

माणदेशी:
तिथंच घोळ आहे. दर वेळी चावी मागायची म्हणजे दर वेळी ओळख सांगायची. मग मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत, नाहीतर इमारतीमागं आडबाजूला जातात, आणि धोका तिथंच जास्त. बाहेरचं कुलूप काढा, आतून भक्कम कडी बसवा, वरच्या झरोक्याला जाळी मारा म्हणजे मोबाईल आत जाणार नाही. पाटी 'सर्वांसाठी' अशी लावा.

मिरजकर:
तरी काही घडलंच तर पहिले 72 तास महत्त्वाचे. एचआयव्ही टाळण्याची औषधं त्याच मुदतीत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि 28 दिवस घ्यायची. सिव्हिलला न्या. तपासणीआधी अंघोळ नको. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये दमटपणानं पुरावा खराब होतो. ट्रान्स पुरुष टेस्टोस्टेरॉन घेत असला तरी गर्भधारणा होऊ शकते, तातडीची गोळी विचारायला संकोच नको.

पोलिसांत जाताना एक माहीत असू द्या: भारतीय न्याय संहितेतल्या बलात्काराच्या व्याख्येत पीडित स्त्रीच आहे, आणि दंडसंहितेतलं 'अनैसर्गिक' संबंधांचं जुनं 377 कलम 1 जुलै 2024 पासून उरलं नाही. म्हणून 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याचं कलम 18 (ट्रान्स व्यक्तींवरच्या अत्याचारांना शिक्षा), शिवाय मारहाण, डांबून ठेवणं, धमकी यांची कलमं तक्रारीत यायला हवीत. वय 18 पेक्षा कमी असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) मुलगा, मुलगी, ट्रान्स सगळ्यांनाच लागू, आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक.

सज्ञान विद्यार्थ्याच्या घरी त्याला न विचारता फोन करू नका. ऑफिसातल्या क्लार्कलाही हे आधीच बजावून ठेवा.