‘दुष्काळ जाहीर’ कसं लिहू?

शेवंती: सुदानवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. ऑगस्ट २०२४मध्ये दारफुर प्रांतातल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत ‘फॅमिन’ असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. मी ‘दुष्काळ जाहीर’ लिहिलं. बाबा म्हणाले, "मग सारा माफ झाला का?" तिथे भानगड पावसाची नाही, युद्धाची आहे. दुसरा शब्द सुचवा.

काळी_माती: बाबांचं बरोबर आहे. आमच्या लहानपणी पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ जाहीर, परीक्षा फी माफ. फॅमिनचा एक निकष आहे दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. ‘दुर्भिक्ष’ घ्या, भिक्षासुद्धा मिळेना अशी वेळ.

नानू: ‘चांगल्या नटांचं दुर्भिक्ष’ लिहून लिहून तो शब्द पार पातळ केलाय. ‘भूकबळी’ म्हणा.

शेवंती: भूकबळी म्हणजे मेलेला माणूस हो. दारफुरमधल्या अल फाशर शहराला वेढा पडला तेव्हा लोक ‘अंबाझ’ खाऊन जगत होते. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरतो तो गुरांचा चोथा. त्याला काय म्हणू?

काळी_माती: पेंड! आम्ही म्हशीला भिजवून घालतो. बहात्तरला आईने रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्ली, पण पेंडेवर वेळ आली नाही.

टिपणवही: १९६३ साली महाराष्ट्राने कायदा करून आपल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ शब्दच काढला, ‘टंचाई’ घातला. नऊ वर्षांनी बहात्तर आलंच.

नानू: ‘रसदतोड’ कसा वाटतो? पानिपतावर आपलं तेच झालं.

शुद्धमती: रसद फारसी. ‘अन्नकोंडी’ म्हणावं.

नानू: आणि ‘जाहीर’ काय ज्ञानेश्वरीतला आहे?

शेवंती: कोंडीत अर्धंच येतं, ताई. गेझिरा हा सुदानमधला कालव्यांवर पिकणारा मुलूख. डिसेंबर २०२३मध्ये लढाई तिथे पोचली. गोदामं लुटली, शेतकरी रानं टाकून पळाले. अन्न अडवलं तसं पिकूही दिलं नाही.

काळी_माती: गेझिरा म्हणजे आपला जंजिराच की! अरबी जझीरा, बेट.

नानू: बेट कसलं? दोन नाईलांमधला दोआब आहे तो.

शुद्धमती: दोआब फारसी.

काळी_माती: जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकेकडचेच. मुरुडला शिडाच्या होडीतून गेलो होतो, नावाडी काय एकेक सांगत होता…

शेवंती: मला रात्री पाठवायचंय. ‘उपासमार’ लिहून टाकते.

शुद्धमती: उपासमार जाहीर होते का?

टिपणवही: जंजिऱ्यासाठी वेगळा धागा काढा राव.