केमोच्या मळमळीवर मनगटाचा दाब: जागा, वेळ आणि कुणाला नको?

डेकेअर_सिस्टर: आमच्याकडे सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचे पेशंट जास्त. ऑन्कॉलॉजिस्ट सर 'अ‍ॅक्युप्रेशर द्या' म्हणतात, पण मनगटावरची जागा प्रत्येक सिस्टर वेगळी दाखवते. नेमकी जागा कोणती, किती वेळ दाबायचं आणि कुणाला करायचं नाही?

वॉर्ड_इन्चार्ज: बिंदूचं नाव पी-६. तळहात वर ठेवून मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं मोजा. बोटं पेशंटची, आपली नव्हेत. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मूठ आवळून मनगट किंचित वाकवायला सांगा, दोन दोऱ्या (स्नायूंचे टेंडन) वर येतात, त्यांच्या मधली खाच ती जागा. काहींना एकच दोरी दिसते, मनगटाच्या मधोमधची दोरी मुळात नसतेच. मग त्या दोरीच्या करंगळीकडच्या बाजूला दाबा. अंगठ्यानं २-३ मिनिटं, दुखेल इतकं नाही. दाबासाठी बटण असलेला मनगटी पट्टा बांधला तर बटण बिंदूवरच आहे ना, हे दर राउंडला बघा, हात हलला की तो सरकतो.

हा नुसता घरगुती उपाय समजू नका. बेलफास्टच्या भूलतज्ज्ञ डंडींनी १९८६ मध्ये याच बिंदूवर सुया वापरून अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीसाठी पुरावा बराच आहे, केमोसाठी कमी. म्हणून ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सा (डेक्सामेथासोन) या मळमळीवरच्या औषधांचा एकही डोस चुकवायचा नाही. हे जोडीला, बदली नव्हे.

ऑन्को_नर्स: स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सोडा. सलाईनचा हात, डायलिसिससाठी केलेल्या फिस्चुलाचा हात, सूज किंवा जखम असलेला हात, तोही नको. प्लेटलेट कमी असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, दाबानं काळंनिळं पडतं. तोंडी परवानगीवर थांबू नका, केसपेपरवर ऑर्डर घ्या. पेशंटची संमती, वेळ, कोणता हात, आधी आणि नंतर मळमळ ० ते १० पैकी किती, हे नोट्समध्ये लिहा.

आणि काढ्याचं आवर्जून विचारा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. 'औषधं कोणती?' म्हटलं की काढा कुणी सांगत नाही. 'घरचं काही घेता का?' असं विचारा.

डेकेअर_सिस्टर: दाबताना बोटांना मुंग्या आल्या तर?

वॉर्ड_इन्चार्ज: लगेच सोडा. खाली मीडियन नर्व्ह ही हाताची नस (चेतातंतू) आहे, दाब जास्त झालाय. मुंग्या थांबल्यावर हलक्या हातानं परत बघा, पुन्हा आल्या तर त्या हातावर नको.