शब्दचर्चा : ‘संयत’ वाजवणं की ‘राखून’ वाजवणं?

इंदूरला आम्ही काही मराठी मंडळी रेकॉर्ड ऐकायला एकमेकांच्या घरी जमतो. बहुतेक ख्याल, कधी ठुमरी. या खेपेला अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा ‘बॅलड्स’ हा संथ गाण्यांचा अल्बम लावायचा आहे आणि आधी चार शब्द मराठीत बोलायचं काम माझ्याकडे आलंय. जॅझवर लिहिणारे अशा वादनाला दोन विशेषणं हमखास लावतात : ‘सोलफुल’ (मनापासून, भावनेने भरलेलं) आणि ‘अंडरस्टेटेड’ (गाजावाजा न करता, कमीत कमीत सांगणारं). ही दोन्ही एकाच वादनाला एकाच वेळी लागू पडतील असे शब्द मला हवे आहेत.

वादन कसं आहे ते सांगते. १९५९ साली रेकॉर्ड झालेल्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये कोल्ट्रेन इतक्या वेगाने कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बदलत जातो की पियानोवाल्याची दमछाक आपल्याला ऐकू येते. तोच माणूस १९६१ आणि १९६२मध्ये ‘बॅलड्स’साठी स्टुडिओत बसून जुनी आठ गाणी वाजवतो आणि बऱ्याच ठिकाणी चाल जवळजवळ जशीच्या तशी ठेवतो. सगळा अल्बम ३२ मिनिटांच्या आसपासचा. एल्विन जोन्ससारखा दणकट ड्रमर बराच वेळ काठ्यांऐवजी नुसते तारांचे ब्रश फिरवतो. टेनर सॅक्सोफोनचा सूर सरळ लागतो, भरीव असतो, आणि पुढचा सूर यायची घाई नसते. याला याच्या कितीतरी पट जास्त वाजवता येतं हे जाणवत राहतं, तरी कुठेही कोरडेपणा नाही.

‘भावपूर्ण’ म्हटलं की पुढे ‘श्रद्धांजली’ आपोआप कानात येतं. ‘हळुवार’ने आवाज लहान असल्यासारखा वाटतो, तो तसा नाही. ‘जीव ओतून’ चांगलाय, पण त्यात सगळं ओतून टाकल्याचा भाव आहे. उरतो ‘संयत’. सुचवा.

प्रतिसाद, रामबागेतून

‘संयत’ नको. सम् + यम्, म्हणजे रोखलेलं, लगाम घातलेलं. संयत प्रतिक्रिया कुणाची? ज्याला राग आलाय पण आवरतोय त्याची. तुम्ही सांगताय त्या वादनात असं आवरणं दिसत नाही. आपल्या गावात तर ‘ठहराव’ (घाई नसलेला निवांतपणा) सगळ्यांच्या तोंडी आहे. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गाण्याबद्दल इथले जुने श्रोते दुसरं काही बोलतच नाहीत.

मूळ प्रश्न विचारणारी

काका, ‘ठहराव’ इंदूरला चालेल, पण नागपूर-पुण्याचे पाहुणेही असतील. मराठीत ‘ठरणे’वरून ‘ठराव’ झाला आणि तो सभेत मंजूर होतो. ‘चैनदार’चंही तसंच. इथे ‘चैनसे गाते हैं’ म्हणजे निवांत, स्थिर. मराठीत चैन म्हणजे मौजमजा, उधळपट्टी. मूळचा अर्थ ‘जिवाला चैन पडत नाही’मध्ये तेवढा शिल्लक आहे.

प्रतिसाद, स्नेहलतागंजहून

मी तबला वाजवतो. खाँसाहेब अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत, झुमरा तालात गायचे, १४ मात्रांच्या, आणि तबलजीकडून साधा ठेका मागायचे. तो ठेका धरायला हात तयार लागतो, कारण दोन मात्रांमधली जागा एवढी मोठी असते की काहीतरी भरावंसं वाटतंच. तालमीत आम्हाला यासाठी एकच शब्द होता : ‘राखून वाजव.’ हात चालतो म्हणून सगळं वाजवून मोकळा होऊ नकोस.

‘राखणे’ला दोन अर्थ आहेत आणि इथे दोन्ही लागतात. एक, मागे ठेवणं. दुसरा, सांभाळणं : मान राखणे, शेत राखणे. कोल्ट्रेनने स्वतःची तयारी मागे ठेवली आणि गाण्याची चाल सांभाळली. ‘संयत’मध्ये हा दुसरा अर्थ नाही.

प्रतिसाद, सुदामानगरहून

पण ‘हातचं राखून’चं काय? तो मन लावून काम न करणाऱ्याचा वाक्प्रचार आहे. ऐकणाऱ्याला वाटेल की गडी मनापासून वाजवत नव्हता.

प्रतिसाद, स्नेहलतागंजहून

ती छटा ‘हातचं’मुळे येते, ‘राखून’मुळे नाही. ‘दोन षटकं राखून सामना जिंकला’ यात कुणाला कुचराई दिसते? उलट कौतुकच आहे. तरी शंका नको म्हणून ‘सोलफुल’साठी जो शब्द घ्याल तो आधी ठेवा, ‘राखून’ नंतर. त्यासाठी ‘गायकी अंगाने’ (वाद्यावर गळ्याने गायल्यासारखं) हा शब्द तयारच आहे. सतारीला, बासरीला आपण म्हणतोच. कोल्ट्रेनच्या आधीचा टेनरवादक लेस्टर यंग (१९०९–१९५९) याचा आग्रह असायचा की वाजवायच्या गाण्याचे शब्द वादकाला माहीत हवेत. आपल्याकडे गतीऐवजी (वाद्यासाठीच्या रचनेऐवजी) गायची बंदिश वाजवणारा हेच करतो.

प्रतिसाद, रामबागेतून

‘राखून’ पटलं. ‘गायकी अंग’ मात्र शैलीचं नाव झालं. गायकी अंगाने वाजवूनही रुक्ष वाजवणारे मी ऐकलेत. त्यापेक्षा ‘आतून’ घ्या. ‘आतून वाजवतो’ हे कुणालाही कळतं.

प्रतिसाद, लोकमान्यनगरहून

फुंकवाद्य आहे तर ‘फुंकर’चाही विचार करा. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी सूर निघतो तो रीडमधून, म्हणजे तोंडाशी धरलेल्या बोरूसारख्या वनस्पतीच्या पातळ पट्टीतून, आणि खालच्या पट्टीत हळू वाजवताना सुराबरोबर श्वासही ऐकू येतो. बेन वेब्स्टर या जॅझ सॅक्सोफोनवादकाकडे तर सूर संपल्यावर नुसता श्वास उरतो. ते ऐकताना मला दुसरा शब्द सुचत नाही.

मूळ प्रश्न विचारणारी

‘फुंकर’ वेब्स्टरची रेकॉर्ड लावू तेव्हा नक्की घेईन. कोल्ट्रेनचा सूर तसा विरत नाही, शेवटपर्यंत ठाम असतो.

‘राखून’चं विशेषण करून पाहिलं, जमेना. ‘राखीव’ म्हटलं की रेल्वेचा डबा. मग लक्षात आलं की विशेषणाची गरजच नाही. अल्बम कसा आहे असं इंग्रजीत विचारतात म्हणून मीही अल्बमला लावायला शब्द शोधत होते. आपण बैठकीतून उठताना ‘काय गायले!’ म्हणतो, क्रियापदावर बोलतो. म्हणून वाक्य असं केलंय : ‘या आठ गाण्यांत कोल्ट्रेन आतून वाजवतो आणि राखून वाजवतो.’

‘वाजवतो’ दोनदा मुद्दाम ठेवलंय. ‘आतून, राखून वाजवतो’ केलं तर दुसरा शब्द पहिल्यात बुडतो. काका, तुम्ही एकदा मोठ्याने वाचून बघा आणि सांगा.

प्रतिसाद, रामबागेतून

वाचलं. दोनदाच ठेवा. फक्त ‘आणि’च्या आधी थोडं थांबा.