जुन्या कपड्यांची दुरुस्ती: तुमचे अनुभव

गणपती जवळ आले की दादरच्या हिंदमाता कापडबाजारात पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडे त्याच दिवसांत कपाट उपसून ‘हे अजून चालेल का’ असा तपास चालतो. उसवलेलं, घट्ट झालेलं, विरलेलं तुम्ही कसं वापरात आणलंत? सविस्तर लिहा. ‘काटकसर करावी’ छाप उपदेश नकोत, शिलाईचं बोला.

परळहून: वडील गिरणीत साचेखात्यात (मागांवर) होते. 1982च्या संपात पगार थांबला तेव्हा आईने घरच्या मशिनवर शेजारपाजारच्या शर्टांच्या कॉलरी उलटवून द्यायला सुरुवात केली. मानेशी घासून कॉलर विरते ती घडीवर. ती पट्टीपासून उसवायची, विरलेली बाजू खाली घालायची आणि त्याच जागी पुन्हा टीप मारायची. इस्त्री केल्यावर ओळखू येत नाही. मी अजून करतो. हल्ली कॉलरला आतून वेगळ्या रंगाचं कापड लावतात, तिथे मात्र काही चालत नाही.

विलेपार्ले: रेडीमेड कुर्ता घेताना मी आधी उलटा करून शिलाईत माया (टिपेबाहेरचं जादा कापड) किती ठेवलीय ते बघते. शिवून घेतलेल्या ब्लाउजला दोन्ही बाजूंना चांगली माया असते, आतली एक टीप सोडली की सैल झाला. रेडीमेडमध्ये ओव्हरलॉकच्या वेळी जादाचं कापड कापूनच टाकलेलं असतं. मग ओढणीतून पट्टी काढून काखेपासून खालपर्यंत जोड द्यायचा. रंग जुळत नसेल तर मुद्दाम अगदी वेगळा घ्यावा, जवळपासचा रंग फसवाफसवीसारखा दिसतो.

गिरगाव: रफूबद्दल. माझ्या सासूबाईंच्या शालूला खिळा लागून भोक पडलं होतं. रफूगराने पदराच्या आतल्या दुमडीतून धागे काढून उभे-आडवे विणले. पैसे घसघशीत घेतले, पण काम तसंच झालं. टी-शर्टला असलं रफू होत नाही, ते कापड फासांनी गुंफलेलं असतं, उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं नव्हे. आणि रेशीम घडीवर जीर्ण झालं असेल तर रफू करू नका, शेजारचे धागे तुटत जातात. खाली मलमल लावून टाके घाला.

मुलुंड: चेन बिघडली तर आधी नुसता रनर (वर-खाली सरकणारा भाग) बदलून बघा.

अंधेरी: सगळं छान, पण करून देणार कोण? आमच्या इथला टेलर नवा ब्लाउज हसत घेतो, जुना दाखवला की ‘ठेवून जा, बघू’. तो ‘बघू’ दिवाळीपर्यंत चालतो. शेवटी स्टेशनजवळ फुटपाथवर मशिन घेऊन बसणारे काका उभ्या उभ्या करून देतात. (गोधडीचं कुणी लिहिलं नाही अजून, आश्चर्य आहे. करणारच असाल तर सुती साड्यांचीच करा. सिंथेटिक सुईखाली सरकते आणि अंगाला चिकटते.)

लालबाग: मी घरी फॉल-पिको आणि अल्टरेशन करते, म्हणून अंधेरीकरांना उत्तर. नवीन शिवणं सोपं असतं. जुन्यात निम्मा वेळ उसवण्यात जातो, बारीक टीप असेल तर कापडही जपावं लागतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘दोन टिपा तर मारायच्यात!’ टिपेचे पैसे देतात, उसवण्याचे कुणी देत नाही. घरी उसवून, दोरे काढून आणलंत तर मी त्याच दिवशी देते. आणि कृपा करून कपडे धुऊन आणा.