पायथनमध्ये फंक्शनचे आर्ग्युमेंट नक्की कुठे तपासायचे?

रात्रपाळी:
एक छोटं फंक्शन आहे, सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर थोडं थांबून परत ट्राय करतं. आत वेळ गुणिले कितवा प्रयत्न असा हिशोब, मग इंट (पूर्णांक) करून स्लीपला देतो. काल स्क्रिप्ट अडकली म्हणून बघतोय तर तिसऱ्या प्रयत्नाला १५ ऐवजी ५५५ सेकंद झोपलेली! वेळ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रामबाहेर, सिस्टीममध्ये ठेवलेली सेटिंग) येत होता, म्हणजे स्ट्रिंग (नुसता मजकूर) "५", आणि स्ट्रिंगला ३ ने गुणलं की "५५५". एरर वगैरे काही नाही. बरं टाइप हिंट पण दिली होती, इंट म्हणून. आता काय प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर इझइन्स्टन्सची, म्हणजे प्रकार तपासणाऱ्या ओळींची, रांग लावायची का?

अर्धविराम:
हिंट पायथन चालताना बघतच नाही रे, ती एडिटर आणि मायपायसाठी (कोड न चालवता प्रकार तपासणारं टूल). रांग नको लावूस, मी एका प्रोजेक्टमध्ये लावली होती, नंतर खरं काम कुठल्या ओळीत आहे तेच सापडेना. बाहेरचा डेटा जिथे आत येतो तिथेच इंट किंवा फ्लोट (दशांश संख्या) करून घ्यायचं, आतल्या फंक्शन्सनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा. आणि इझइन्स्टन्सने इंट तपासलंस तरी ट्रू आत शिरतोच, कारण बूल (ट्रू-फॉल्सचा प्रकार) हा इंटचाच सबक्लास, म्हणजे उपप्रकार.

जुना_टर्मिनल:
वरच्याशी सहमत, फक्त तपासणी असर्टने (अट खोटी ठरली की एरर देणारी ओळ) करू नका, पायथन मायनस कॅपिटल ओ (-O) देऊन चालवलं की सगळे असर्ट गायब. सरळ एरर रेझ करा, म्हणजे स्वतःच फेका, प्रकार चुकला तर टाइपएरर, प्रकार बरोबर पण किंमत चालणार नाही तर व्हॅल्यूएरर. अजून एक, फ्लोट करणार असाल तर "नॅन" (नॉट अ नंबर) हा शब्द पण फ्लोट होतो, आणि शून्यापेक्षा कमी असेल तर एरर ही अट तो आरामात पार करतो, कारण नॅनशी लहानमोठी कुठलीही तुलना फॉल्सच येते. म्हणून अट उलटी लिहायची, शून्य ते साठच्या मध्ये नसेल तर एरर.

रात्रपाळी:
केलं, दारातच फ्लोट आणि उलटी अट. लगेच एका मशीनवर आपटलं, तिथे व्हेरिएबल होतं पण रिकामं. एररमध्ये स्ट्रिंगचं फ्लोट होत नाही एवढंच, कुठलं व्हेरिएबल ते नाहीच, म्हणून ती पकडून नावासकट परत रेझ केली.