परेडमध्ये आपलं माणूस कसं सापडलं?

धाकट्या भावाची कसम परेड, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरची शपथेची परेड, बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर झाली. साताऱ्याहून आम्ही सहा जण रात्रीच्या एसटीनं निघालो. आईनं चकल्यांचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. 31 आठवडे त्याला पाहिलं नव्हतं. तुकड्या मैदानात आल्या आणि आमची पंचाईतच झाली. सगळ्यांचा केसांचा कट एक, पाऊल एक. गल्लीच्या टोकाला नुसत्या चालीवरून ज्याला ओळखायचो, त्याची चाल आता सगळ्यांसारखी झालेली. शेवटी आईच म्हणाली, "दुसऱ्या रांगेत बघ, डावा कान पुढं आलाय तो." केसांखालचा तो कान आम्हा भावंडांना कधी दिसलाच नव्हता.

तिरंग्यासमोर शपथ झाली. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी गर्जना उठली तेव्हा शेजारच्या अनोळखी काकूंनी माझा हात घट्ट धरला. मग आईवडिलांना गौरव पदक. आप्पांनी ते सदऱ्यावरून काढलंच नाही. परतीच्या एसटीत झोपले तेव्हाही हात छातीवर होता.

तुमच्या घरचंही सांगा. गर्दीत आपलं माणूस कसं सापडलं, ते नक्की लिहा.

नागपूरची आई

लेकीची परेड चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण अकादमीत, सप्टेंबरमध्ये. कमरेपर्यंतची वेणी घालून गेली होती. बॉयकट मी व्हिडिओ कॉलवर पाहिला होता, रडूनही झालं होतं, तरी मैदानात नजर वेणीच शोधत राहिली. ती मला सापडली नाही, तिनंच येऊन मला शोधलं. मग पिपिंग, म्हणजे खांद्यावर तारे लावणं. एक खांदा ह्यांच्याकडे, एक माझ्याकडे. लेफ्टनंटचे प्रत्येक खांद्यावर दोन तारे, पण माझी बोटं घामेजलेली, तारा काही नीट बसेना. ती ताठ उभी, ओठ न हलवता पुटपुटली, "आई, सावकाश. मी कुठं जात नाहीये." अहो, जाणारच तर होती! ज्यांची पाळी पुढे येणार आहे त्यांनी चष्मा हाताशी ठेवा.

रत्नागिरीकर

भाऊ अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत, नौदलात. 28 मार्च 2023, ओडिशातलं आयएनएस चिल्का, नौदलाचं प्रशिक्षण केंद्र. परेड सूर्यास्तानंतर होती, तशी ती पहिल्यांदाच. दिव्यांच्या उजेडात पांढरे गणवेश. मला शेवटपर्यंत सापडला नाही. पण त्या तुकडीत मुलीही होत्या, त्यांच्या आयांकडे बघत राहिलो. आमच्या आवाठात अजून पोरीला बोटीवर पाठवायचं म्हटलं की भुवया उंचावतात.

एक बाप

अग्निवीराचं नाव निघालं म्हणून लिहितो. पोराचा अभिमान आहेच, पण चार वर्षांनी कायम होणार ते जास्तीत जास्त 25 टक्के. टाळ्या वाजवताना तो आकडा माझ्या डोक्यातून जात नव्हता. शेजारी बसलेल्या बापाच्याही जात नसावा. आम्ही दोघं एकमेकांना जमिनी किती, एवढंच विचारत बसलो.

सिंहगड रोड

खडकवासल्याला भाचा, 30 मे 2025. एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली ती हीच, 17 जणी. संथ चालीत एकेक तुकडी अंतिम पग, म्हणजे प्रबोधिनीतल्या शेवटच्या पावलाची रेषा, ओलांडून गेली तेव्हा मैदान एकदम गप्प झालं. नवख्या पाहुण्यांसाठी सांगतो, एनडीएच्या तीन वर्षांनंतर लगेच तारे लागत नाहीत. भूदलात जाणाऱ्यांना अजून एक वर्ष देहरादूनची लष्करी अकादमी. ताईला हे तिथंच कळलं. "अजून एक वर्ष?" म्हणाली आणि मटकन खाली बसली.

माजघर

आमचं नशीब वेगळं. मुलाची देहरादूनची परेड 2020 च्या जूनमध्ये. करोनामुळे पालकांना बंदी. तिकिटं रद्द केली, शिवलेला सदरा कपाटात गेला. टीव्हीसमोर सगळी आळी जमली. तीही खरं तर जमायला नको होती. पडद्यावर सगळ्यांच्या तोंडाला मास्क. आता कान बघू की डोळे? सासूबाईंना मोतीबिंदू, तरी प्रत्येक पोराला "हाच, हाच" म्हणत हात जोडत होत्या. तारे लावायला आम्ही नव्हतो, ते तिथल्या प्रशिक्षकांनी लावले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पहिल्या सुट्टीला आला तेव्हा मी भाकरतुकडा ओवाळायला दारात गेले. त्यानं मला थांबवलं, खिशातून चारी तारे काढून आजीच्या हातावर ठेवले आणि उंबऱ्याबाहेरच गुडघ्यावर बसला, तिचा हात खांद्याला पुरावा म्हणून.